संग्रहालयातला दोर कसा पाहावा

2015 च्या जानेवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात शिल्पकार मृणालिनी मुखर्जी यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन उघडलं. माणसापेक्षा उंच, भरल्या अंगाच्या आकृत्या. काही बैठक मारून बसल्यासारख्या, काही उमलत्या फुलासारख्या, काही छताला टांगलेल्या. लांबून वाटावं, रंगवलेलं लाकूड असेल. जवळ गेलं की दिसतं, हा सगळा दोर आहे. गाठीला गाठ लावत, बोटांनी आवळत उभा केलेला दोर. छिन्नी लागलेली नाही, साचा नाही, मागसुद्धा नाही. प्रदर्शन सुरू झालं आणि थोड्याच दिवसांनी मुखर्जी गेल्या. पुढे 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्यांचं नावही न ऐकलेल्या प्रेक्षकांपर्यंत हे काम पोचलं.

आपल्या धुळे-जळगावकडचा कुणी शेतकरी अशा दालनात शिरला तर त्याच्या तोंडून पहिलं वाक्य येईल: "हाई ते दोर शे भो, यामा काय कला शे?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर द्यायला हवं. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. असं शिल्प समजून घ्यायला जे लागतं, त्यातलं अर्धंअधिक खान्देशातल्या माणसाकडे असतंच. दोर कशापासून होतो, कशानं तुटतो, ओला झाला की काय करतो, कुठं आवळावा आणि कुठं सैल सोडावा, हे ज्याच्या हातांना ठाऊक आहे, तो या दालनात अडाणी ठरत नाही. त्याला ठाऊक नसतो तो इतिहास. तोही पुढे सांगतोच.

इंग्रजीत 'फायबर आर्ट' म्हणतात ती कला म्हणजे धागा, दोर, वाख, लोकर, कापड यांतून घडवलेली, पण वापरासाठी नसलेली गोष्ट. लुगडं नेसायला असतं, सतरंजी बसायला. इथली वस्तू फक्त पाहायची, तिच्याभोवती फिरायचं, तिच्यासमोर थांबायचं. शिल्पं करायच्या जुन्या रीती आपल्याला माहीत आहेत. दगड किंवा लाकूड कोरून नको तेवढं काढून टाकतात, माती थापून भर घालतात, धातू वितळवून साच्यात ओततात. दोराचं शिल्प या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. तिथं सुरुवातीला हातात असते ती एक लांबच लांब रेघ. ती रेघ स्वतःतच अडकत जाते आणि त्या अडकण्यातून अंग भरत जातं. दोराला स्वतःचा ताठपणा नाही. म्हणून जो काही आकार उभा राहतो, तो पीळ, वीण आणि वजन यांच्या जोरावर.

पीळ आधी पाहू, कारण तिथं आपली जमीन भक्कम आहे. अंबाडी आपल्याकडे शेताच्या कडेनं, दुसऱ्या पिकात मिसळून पेरायची रीत होती. कोवळा पाला भाजीला जायचा आणि उरलेल्या काठ्यांपासून दोर व्हायचा. काठ्या कापून त्यांच्या पेंढ्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. काही दिवसांत पाण्याला घाण वास सुटतो, म्हणजे काम होत आलं. साल काठीपासून मोकळी होते, ती ओढून काढून, धुऊन वाळवली की वाख हाती येतो. आता एक पदर एका दिशेनं वळायचा, दुसरा पदरही त्याच दिशेनं. मग ते दोन्ही पदर एकमेकांवर घालताना उलट दिशेनं वळायचे. सगळी युक्ती या उलट वळण्यात आहे. प्रत्येक पदराला आपला पीळ सोडवायचा असतो, आणि सोडवायच्या त्या ओढीनंच तो शेजारच्या पदराला घट्ट धरतो. न डिंक, न खिळा. कापसाचंही तेच. आपल्याकडच्या चांगल्या कापसाचा तंतू इंच-सव्वा इंच लांब भरतो. जिनिंगवाला धाग्याची लांबी पाहतो, ती हीच. एवढ्याशा तुकड्यांतून मैलभर सूत निघतं, ते केवळ पिळानं आणि घर्षणानं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण माणसाच्या ताठ्यावर म्हटली जाते, पण दोराबद्दलही ती शब्दशः खरी आहे. शिल्पकाराला दोरात जे हवं असतं ते हेच: दिलेलं वळण धरून ठेवायचा स्वभाव.

मागावर ताण्याचे धागे उभे ताणलेले असतात, बाण्याचे आडवे जातात, आणि फणी त्यांना सारख्या अंतरावर धरून ठेवते. म्हणून मागावरचं कापड सपाट, काटकोनी निघतं. युरोपात शेकडो वर्षं भिंतींवर टांगायचे मोठमोठे चित्रपडदे (इंग्रजीत टॅपेस्ट्री) असेच विणले गेले. बहुतेक वेळा चित्रकार नमुना काढायचा आणि विणकर तो धाग्यात उतरवायचा. विसाव्या शतकात विणणाऱ्यांनी स्वतःच ठरवायला सुरुवात केली की काय विणायचं. मग लगेच पुढचा प्रश्न आला: कापडानं भिंतीला चिकटून का राहायचं?

भिंत सोडायची तर मागाचे नियम मोडायला हवेत. अमेरिकेत लेनोर टॉनी यांनी ताण्याचे धागे मध्येच मोकळे सोडले, वीण विरळ केली, कापडाला वरून खाली जाताना रुंद-अरुंद होऊ दिलं. आपल्या मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी त्याहून धीट गोष्ट केली. विणता विणता त्या मागावरची फणीच काढून टाकतात. फणी गेली की उभ्या धाग्यांना शिस्त लावणारं कुणी उरत नाही. ते सरकतात, एकमेकांजवळ येतात, लांब जातात, आणि कापडात पाण्याच्या ओघळासारख्या वळणदार रेषा उमटतात. हातमागावर बसलेल्या कुणालाही विचारा, फणीशिवाय विणणं म्हणजे काय धाडस आहे ते तो सांगेल. ज्याला आयुष्यभर दोष म्हणून टाळायचं, तोच दोष इथं जाणूनबुजून, हवा तिथं आणि हवा तेवढा, घडवून आणलेला असतो.

मुखर्जींनी मागच सोडला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्या चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकल्या. तिथं 1970 च्या सुमारास दोराशी त्यांचं नातं जुळलं, ते पुढं बरीच वर्षं टिकलं. बाजारात मिळणारा नैसर्गिक वाखाचा जाड दोर आणायचा, रंगवायचा आणि हातानं गाठी मारत जायच्या. आधी कागदावर आराखडा काढून मग त्याबरहुकूम काम, अशी त्यांची रीत नव्हती. शिल्प गाठीगाठीनं वाढत जायचं. मोठ्या शिल्पांना आतून लोखंडी आधार दिलेला असायचा, आणि एकेका शिल्पाला महिनोन्महिने लागायचे.

अशा शिल्पातली वीण कशी वाचायची? बाज विणताना पाहिलेल्या माणसाला फार सांगावं लागत नाही. चौकटीवर दोर या अंगाकडून त्या अंगाकडे जातो. मधे वीण दाट, पायथ्याशी मोकळे दोर, तेच बाज झोळली की आवळायचे. झोपणाऱ्याचं वजन कुठल्या एका दोरावर पडत नाही, ते सगळीकडे वाटलं जातं. एका ठिकाणी ढिलाई आली तर झोळ भलतीकडेच दिसतो. मुखर्जींचं 1984 चं 'यक्षी' हे शिल्प बघताना नेमकं हेच डोळ्यांसमोर ठेवावं. गाठी जिथं दाट आणि आवळलेल्या, तिथं दोराची भिंत होते, ती स्वतःच्या बळावर बाक धरते. जिथं गाठी विरळ, तिथं घडी पडते, ओठासारखी कड बाहेर वळते, पदर खाली ओघळतो. डोळा वरून खाली नेत ठरवायचं, की बाईंनी कुठं आवळलं, कुठं सैल सोडलं आणि सगळं ओझं शेवटी कुठं टेकलं. अंग कुठं संपतं आणि वस्त्र कुठं सुरू होतं, ते मात्र सांगता येत नाही, कारण दोन्ही एकाच दोराचे आहेत. दगडी यक्षीच्या अंगावर शिल्पकार वस्त्र कोरतो. इथं वस्त्र ज्यापासून होतं त्याचीच यक्षी झाली आहे. मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

त्यांच्या शिल्पांची नावं देवी, वनराजा, पुष्प, अरण्यानी अशी आहेत. म्हणून कुणी त्यांना मूर्ती समजतं. पण कुठल्याही एका परंपरेतलं मूर्तिशास्त्र त्यात शोधू नये. गाभाऱ्यात शिरल्यावर अंगावर येतो तो दरारा त्यात आहे, आणि पावसाळ्यात सातपुड्याच्या रानात सगळीकडून वेल, पानं, कोंब अंगाशी येतात ती भरभरून वाढही आहे.

राहिलं वजन. दगडाचं शिल्प गुरुत्वाकर्षणाला जुमानत नाही, दोराचं शिल्प त्याला सोबतीला घेतं. अमेरिकी शिल्पकार रॉबर्ट मॉरिस यांनी 1967 पासून लोकरीच्या जाड नमद्याला चिरा देऊन तो भिंतीवर नुसता लटकवला. तो जसा खाली ओघळेल, तो त्याचा आकार. पुन्हा टांगला की आकार थोडा वेगळा. शिल्पकार एव्हा हेसे यांनी 1970 मध्ये रबराच्या चिकात बुडवलेले दोर छतापासून गुंतवळीसारखे टांगले. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी, त्या गेल्या. त्या गुंतवळीत पसारा दिसतो, पण ओझं कुठल्या खुंटीवर किती द्यायचं याचा हिशेब पक्का आहे.

आता इतिहास, म्हणजे हे सगळं संग्रहालयात यायला इतका उशीर का झाला. सुरुवात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेपासून करू. ती 1919 मध्ये निघाली, स्त्रियांनाही खुली होती, पण आत आलेल्या मुलींना बहुतेक वेळा विणकामाच्या विभागाकडे वळवलं जाई. ॲनी अल्बर्स 1922 मध्ये तिथं आल्या आणि अशाच मागावर जाऊन बसल्या. मनाविरुद्ध हाती आलेल्या त्या धाग्याचं त्यांनी सोनं केलं. 1933 मध्ये नाझींच्या दडपणाखाली शाळा बंद पडली आणि त्या अमेरिकेला गेल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं, म्हणजे मोमानं, 1949 मध्ये त्यांचं एकल प्रदर्शन भरवलं. विणकाम करणाऱ्या कलावंताला तिथं मिळालेला तो पहिलाच मान.

मग 1962 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात विणलेल्या चित्रपडद्यांचं आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झालं. त्यात पोलंडहून मॅग्दालेना अबाकानोविच नावाची तिशीतली बाई आली. तिच्या देशात कम्युनिस्ट राजवट होती, चित्र-शिल्पावर सरकारची नजर असे. विणकाम मात्र कारागिरीत मोडत असल्यानं त्याकडे फारसं कुणी बघत नसे. राहायला जागा तोकडी. विणलेलं काम घडी करून ठेवता येतं, ही सोयही होती. बंदरातले टाकून दिलेले जुने दोर आणून ती ते उकलायची, रंगवायची आणि विणायची. पुढच्या काही वर्षांत तिचं काम भिंतीवरून सुटून थेट दालनाच्या मध्यात आलं. माणसाच्या दुप्पट उंचीचे, छताला टांगलेले, मधोमध चीर असलेले राकट आकार. प्रेक्षक त्यांच्या भोवती फिरत, त्यांच्या सावलीत उभे राहत. एका समीक्षकानं तिच्याच आडनावावरून त्यांना 'अबाकान' म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. त्यांतला बराचसा वाख सिसालचा आहे, म्हणजे आपल्या बांधावरच्या, रेल्वेच्या कडेच्या घायपाताच्या जातीचा. 1965 मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिकात तिला सुवर्णपदक मिळालं.

1969 मध्ये मोमानं 8 देशांतल्या 28 कलावंतांचं 'वॉल हँगिंग्ज' हे प्रदर्शन भरवलं. आता मान्यता मिळाली असं वाटावं, पण कलाजगतानं त्याची फारशी दखल घेतली नाही. जे परीक्षण आलं ते शिल्पकार लुईझ बूर्ज्वा यांचं, तेही कारागिरीच्या मासिकात. त्यांनी लिहिलं की ही कामं सजावटीच्या बाहेर क्वचितच पडतात. हे लिहिणाऱ्या बाईंचे आई-वडील जुने विणलेले चित्रपडदे दुरुस्त करायचा व्यवसाय करायचे, आणि लहानपणी बूर्ज्वा स्वतः त्या फाटक्या चित्रांतले नाहीसे झालेले पाय रेखाटून द्यायच्या. उतारवयात त्यांनी आपले जुने कपडे, चादरी, टॉवेल शिवून शिल्पं केली, आणि ती त्यांच्या उत्तम कामांत गणली जातात. त्यांच्या परीक्षणाशी मी सहमत नाही, पण त्यामागचा घोर मला समजतो. त्या पिढीतल्या स्त्रीला शिल्पकार म्हणून उभं राहायचं तर शिवणटिपणापासून लांब राहणंच शहाणपणाचं होतं. धागा म्हणजे घर, घर म्हणजे बाई, आणि बाईचं घरातलं काम म्हणजे कला नव्हे, अशी ती साखळी होती. दोरात काही उणं नव्हतं, तो कुणाच्या हातात आहे यावर भाव ठरत होता.

पुढची काही दशकं ही कला मागे पडली. मग 2014 मध्ये बोस्टनच्या समकालीन कला संस्थेनं 1960 पासूनच्या धाग्याच्या शिल्पांचं प्रदर्शन भरवून हा धागा पुन्हा हाती घेतला. लंडनच्या टेट मॉडर्ननं 2018 मध्ये ॲनी अल्बर्स आणि 2022 मध्ये अबाकानोविच यांची प्रदर्शनं केली. 2024 च्या व्हेनिस द्वैवार्षिकात मुख्य प्रदर्शनातल्या सर्वोत्तम कलावंताचा सुवर्णसिंह पुरस्कार न्यूझीलंडच्या चार माओरी स्त्रियांच्या मताहो गटाला मिळाला. त्यांनी काय विणलं होतं? ट्रकवरचा माल आवळून बांधायचे पॉलिएस्टरचे पट्टे. महामार्गावरच्या कुठल्याही मालट्रकवर दिसणारे ते पट्टे त्यांनी माओरी चटईच्या विणीत ताणून दालनाच्या डोक्यावर छत केलं होतं.

भारतात ही गोष्ट थोडी निराळ्या वाटेनं गेली आणि त्या वाटेवर खान्देश लागतो. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन प्रथमच खेड्यात भरलं, ते यावल तालुक्यातल्या फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की सजावट गावात मिळणाऱ्या साहित्याची हवी, आणि त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. बोसांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या साहित्यातून ते अधिवेशन सजवलं. सोबत खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं. आता पुढची नाती बघा. नंदलाल बोसांचे विद्यार्थी बिनोदबिहारी मुखर्जी, ज्यांनी दृष्टी गेल्यावरही कागद कापून चित्रं करणं सोडलं नाही. बिनोदबाबूंचे विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यन. ते काही काळ हातमाग मंडळात होते आणि बडोद्याला शिकवताना कारागिरांकडून शिकण्यावर त्यांचा भर असे. आणि सुब्रमण्यन यांची विद्यार्थिनी मृणालिनी, जी बिनोदबिहारींचीच लेक. फैजपूरच्या मांडवात जो विचार उभा राहिला, की हाताशी असलेलं साधं साहित्य मोठ्या कलेला पुरतं, तोच विचार दोन पिढ्यांनी दोरातून उभा राहिला. आपल्या लोकांनी हे अभिमानानं सांगावं असं आहे, आणि शाळांतून तर नक्कीच सांगावं.

सरकारी विणकर सेवा केंद्रांतही चित्रकार आणि विणकर एकाच छताखाली काम करत. प्रभाकर बरवे यांच्यासारखा चित्रकार तिथंच नोकरीला होता. म्हणजे इथं कला आणि कारागिरी यांच्यातली भिंत युरोपाइतकी जाड कधीच नव्हती. तरी एक तिढा आहे आणि तो लपवून उपयोग नाही. संग्रहालयाच्या पाटीवर कलावंताचं नाव येतं. दोर वळणाऱ्याचं, रंगवणाऱ्याचं, मदतनिसाचं नाव बहुधा येत नाही. मग बाज विणणारा कलावंत नाही का? माझं उत्तर असं: कसब दोघांकडे आहे, आणि कधीकधी बाजवाल्याकडे जास्त आहे. फरक त्यांनी स्वतःला घातलेल्या प्रश्नात आहे. बाज झोपणाऱ्याला पेलली पाहिजे, हा प्रश्न ठरलेला, त्याचं उत्तरही पिढ्यांनी पक्कं केलेलं. मुखर्जींसमोर असा ठरलेला प्रश्न नव्हता, दोर कुठवर जाऊ शकतो हे त्यांनी प्रत्येक वेळी नव्यानं शोधलं. शोधाचं श्रेय त्यांना द्यावं, आणि पाटीवर दोर वळणाऱ्यालाही जागा असावी. दोन्ही जमण्यासारखं आहे.

दालनात शिरल्यावर पहिली तक्रार ऐकू येते ती अंधाराची. 'एवढा खर्च केला आणि दिवे का लावले नाहीत?' तर दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात. कापड आणि धाग्यासाठी संग्रहालयं साधारण 50 लक्स उजेड धरून चालतात. भर उन्हात तो लाखाच्या आसपास असतो. उजेडानं रंग उडतो, धागा ठिसूळ होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. बाकी बऱ्याच जखमा सांधता येतात, ही येत नाही. म्हणून अशी कामं काही महिने मांडली की पुन्हा अंधारात विश्रांतीला नेतात.

ओलाव्याचं शास्त्र आपल्या शेतकऱ्याला समजवायला नकोच. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर कापसाची गाडी उभी राहिली की आधी ओलावा मोजतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे 12 पर्यंत कपात, त्यावर माल परत. कापूस हवेतून पाणी शोषतो, ताग त्याहून जास्त. तंतू ओला झाला की जाड होतो, आणि पीळ दिलेला दोर जाड झाला की लांबीला आखडतो. पावसाळ्यात अंगणात भिजलेले दोर कसे ताठ होतात ते आठवा. वाळला की तो पुन्हा सैल. जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या घरात आणि हवा कोरडी ठणठणीत, जुलैत तीच हवा ओली. या चढउतारात टांगलेलं शिल्प वर्षभर आखडत आणि सैलावत राहील, प्रत्येक खेपेला तंतू एकमेकांवर घासतील, आणि काही वर्षांत वजन जिथं जास्त तिथं तो तुटायला लागेल. संग्रहालयातला गारवा माणसांसाठी असतो त्याहून अधिक या धाग्यांसाठी असतो. आपल्या भागात असं दालन कुणी बांधायचं ठरवलंच, तर इमारतीच्या दर्शनी भागाआधी हवेचा ओलावा वर्षभर एकसारखा राखण्याची सोय करावी.

कीड ही तिसरी वैरीण. लोकरीला कसर लागते, खळ दिलेल्या सुतावर चंदेरी किडे येतात. पूर्वी विषारी फवारे मारत. आता बऱ्याच ठिकाणी नवं आलेलं काम पॉलिथिनमध्ये हवाबंद करून शून्याखाली 20 अंश किंवा त्याहून थंड कपाटात आठवडा-दोन आठवडे ठेवतात. अळी, अंडी, सगळं मरतं. बाहेर काढल्यावर लगेच उघडायचं नाही, नाहीतर थंड धाग्यावर दव धरतं. हेसे यांच्या रबरी चिकाला मात्र उपाय सापडलेला नाही. पन्नास वर्षांत तो पिवळा-तपकिरी पडला, कडक झाला. काही कामं आता दाखवावीत की नाहीत, यावरच जाणकारांत वाद आहेत.

टांगणं हेही वेगळं कौशल्य आहे. घानात जन्मलेले आणि नायजेरियात अनेक वर्षं काम केलेले शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची टोपणं चेपून, तांब्याच्या तारेनं एकमेकांना बांधून अवाढव्य पडदे करतात. ते घडी करून पाठवता येतात. घड्या कशा पाडायच्या हे ते बरेचदा टांगणाऱ्यांवर सोडतात, त्यामुळे एकच काम दोन शहरांत दोन तऱ्हांनी दिसतं. मुखर्जींच्या शिल्पाला असं मोकळं सोडता येत नाही. त्याची प्रत्येक घडी त्यांनी ठरवलेली होती, म्हणून जुने फोटो समोर ठेवून ती बसवावी लागते.

केळीबद्दल बोलल्याशिवाय खान्देशातल्या लेखाला पुरेपण येत नाही. केळीचं झाड एकदाच घड देतं, मग खोड कापून टाकावं लागतं. रावेर-यावलच्या बांधांवर अशा खोडांचे ढीग पडतात. त्या खोडात लांब, चमकदार, मजबूत वाख असतो. जपानच्या ओकिनावा बेटावर केळीच्याच एका जातीच्या खोडातून बाशोफू नावाचं अतिशय तलम कापड शतकानुशतकं विणलं जातं, आणि जपान सरकार त्या विद्येला राष्ट्रीय ठेवा मानतं. आपल्याकडे या वाखाच्या पिशव्या आणि चटया होतात, ते चांगलंच आहे, चार पैसे मिळतात. पण चित्रकला महाविद्यालयात शिकणाऱ्या खान्देशी मुलामुलींनी हा वाख एकदा हातात घेऊन पिशवीचा विचार बाजूला ठेवून पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. किती वजन पेलतो, ओला कसा वागतो, गाठ किती धरतो, रंग किती पितो, हे आधी. शिल्प त्यानंतर.

आणि मुंबई-दिल्लीला गेलात आणि असं प्रदर्शन लागलेलं असेल, तर घाई करू नका. समोरून पाहून झालं की मागच्या बाजूला जा, वाट असेल तर. शेवटची टोकं कुठं खोचलीत, आधाराची सळई कुठून गेली आहे, ते तिथं दिसतं. हात लावू नका, बोटांचं तेल आणि घाम धाग्यात मुरतो आणि त्यावर धूळ बसते. पण धाग्याच्या प्रदर्शनांत काही ठिकाणी प्रेक्षकांनी हाताळावा म्हणून त्याच दोराचा एक तुकडा मुद्दाम ठेवलेला असतो. तो दिसला नाही तर तिथल्या माणसाला विचारा. पीळ उजवा की डावा, पदर दोन की तीन, वाख मऊ की खरबरीत, हे बोटांनी पाहून घ्या आणि मग पुन्हा शिल्पाकडे जा.